पासबुकातली एक ओळ

जूनचा पहिला आठवडा होता. वळवाच्या दोन सरी येऊन गेल्या होत्या आणि बँकेच्या दारातल्या फरशीवर चपलांचा चिखल वाळून त्याचे पापुद्रे सुटत होते. आईच्या खात्याचं केवायसी पुन्हा करायचं होतं, म्हणून मी दोन दिवसांची रजा काढून गावी आले होते. पंखा फिरत होता, पण त्याचा वारा काउंटरच्या आतल्या बाजूलाच लागत होता. बाहेरच्या बाजूला आम्ही पंचवीस-तीस जण घाम पुसत उभे. पासबुक छापायच्या मशीनवर ‘बंद आहे’ असा कागद चिकटवलेला. त्याच्या कडा इतक्या पिवळ्या पडल्या होत्या की तो या आठवड्यातला नव्हता हे सांगावं लागत नव्हतं.

माझ्या पुढच्या बाईंनी निराधारचे पैसे काढायला स्लिप भरून आणली होती. दीड हजाराची. कॅशियरनं स्क्रीनकडे पाहिलं, स्लिप परत सरकवली आणि म्हणाला, “हजार निघतील. हजाराची लिहून आणा.” त्या तिथंच उभ्या राहिल्या. मागून कुणीतरी चुकचुकलं. शेवटी एका शिपायानं त्यांचं पासबुक आत नेऊन कुठल्यातरी प्रिंटरवर छापून आणून दिलं आणि त्या ते उघडं पासबुक घेऊन माझ्याकडे वळल्या. “ताई, काय लिवलंय बगा की. माजं पैसं कुटं ग्येलं?”

मी वाचलं. वीस मेला पंधराशे जमा. त्याच्याखाली, मेच्या शेवटच्या आठवड्यात, चारशे छत्तीस वजा. समोर इंग्रजी आद्याक्षरांची एक आगगाडी, मध्येच तुटलेली, पुढे एक लांबलचक आकडा. चारशे छत्तीस म्हटल्यावर मला कळलं. पंतप्रधान जीवनज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता. “विम्याचे कापलेत, ताई,” मी म्हटलं.

“इमा? म्या कवा मागितला इमा?”

माझा नंबर आला होता. आई बाकावरून खुणावत होती. मी “ते साहेबांना विचारा” असं काहीतरी पुटपुटले आणि पुढे झाले. काम उरकून मागे पाहिलं तर त्या दाराशी बसून हजार रुपये पदराच्या गाठीत बांधत होत्या. पोराची शाळा सुरू व्हायची होती, वह्या घ्यायच्या होत्या, बाजरीचं बी घ्यायचं होतं, हे त्या शेजारच्या बाईला सांगत होत्या. तक्रार म्हणून नव्हे, नुसता हिशेब लावत होत्या. मी तशीच निघून आले.

ती ओळ काही माझी पाठ सोडेना.

आमच्या घरात पासबुक देवघराच्या खालच्या कप्प्यात असायचं, पोथीसारखं कापडात बांधलेलं. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. तेव्हा बँकेत गेलं की पितळी बिल्ला मिळायचा, त्याचा थंडपणा मुठीत धरून मी बाकावर बसायचे. क्लार्क निळ्या शाईनं पासबुकात नोंद करायचा, आडवी रेघ मारून शिल्लक लिहायचा, सही करायचा, आणि वडील तिथंच उभं राहून ती शिल्लक तोंडी ताडून पाहायचे. अक्षर लागलं नाही तर विचारायचे. क्लार्क वैतागायचा, पण सांगायचा. अर्धा दिवस जायचा, धक्काबुक्की व्हायची, साहेब जेवायला गेले की खिडकी बंद व्हायची. त्या काळाचं गुणगान करायला मी बसलेली नाही. पण ज्यानं नोंद केली तो माणूस समोर असायचा, एवढं खरं.

वडिलांचा एक नेम होता. महिन्याच्या दहा तारखेच्या आत पैसे भरायचे आणि मग महिना संपेपर्यंत खात्याला हात लावायचा नाही. एकदा अठ्ठावीस तारखेला मला ताप भरला, तालुक्याला डॉक्टरकडे न्यायचं होतं, तर त्यांनी वाण्याकडून दोनशे रुपये उसने आणले, पण बँकेतून काढले नाहीत. मला ते कंजूषपणाचं वाटायचं. कारण पुढे कॉलेजात कळलं. बचत खात्याचं व्याज तेव्हा दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मिळायचं. म्हणजे दहा हजार रुपये महिनाभर बँकेत ठेवले आणि शेवटच्या दिवशी नऊ हजार काढले, तर त्या महिन्याचं व्याज फक्त हजारावर. बाकीचे नऊ हजार महिनाभर बँकेनं फुकट वापरले. हे वर्षानुवर्षं चाललं. पगार आला की आठवड्याभरात खर्च होतो, अशाच माणसांना त्याचा सर्वाधिक तोटा. ज्याच्याकडे पैसा नुसता पडून आहे त्याला काहीच फरक नाही. मग १ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेनं नियम बदलला: रोजच्या शिलकीवर व्याज. त्याची ना मिरवणूक निघाली ना कुणी पेढे वाटले. एका परिपत्रकातलं वाक्य बदललं आणि देशातल्या प्रत्येक बचत खात्यात थोडे थोडे पैसे जास्त पडू लागले.

मी वडिलांना ते सांगितलं तेव्हा ते निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. त्यांनी दुपारी सगळी जुनी पासबुकं काढली, पेन्सिल घेतली आणि तेहेतीस वर्षांत किती गेलं याचा हिशेब मांडायला बसले. संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर पासबुकं पुन्हा कापडात बांधलेली. कागदावर चार वर्षांचीच बेरीज होती. “किती झाले?” असं मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

बँकांबद्दल बोलताना आपण नेहमी मोठ्या गोष्टी बोलतो. बुडीत कर्जं, पळून गेलेले उद्योगपती, घोटाळे. त्यांचा संताप खराच आहे. २०१९ च्या सप्टेंबरात पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि खातेदारांना सांगण्यात आलं की सहा महिन्यांत एक हजार रुपये काढता येतील, तेव्हा दूरचित्रवाणीवर शाखांच्या बंद जाळ्यांना धरून उभे राहिलेले चेहरे मी अजून विसरलेले नाही. ठेवीवरच्या विम्याची मर्यादा १९९३ पासून एक लाखावर थांबलेली होती. ती पाच लाखांवर जायला फेब्रुवारी २०२० उजाडावं लागलं, म्हणजे मधे सत्तावीस वर्षं. या सत्तावीस वर्षांत ज्यांची आयुष्यभराची पुंजी बुडाली त्यांच्या वाट्याला एक लाखच आला. हे सगळं बदलायलाच हवं होतं, काही बदललंही. पण माझ्या डोळ्यांपुढे ती चारशे छत्तीसची ओळ येते. ती ना बातमीत येईल, ना संसदेत. आणि अशा ओळींची बेरीज केली तर ती लहान राहत नाही. भारतीय स्टेट बँकेनं २०१७ साली एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत किमान शिल्लक राखली नाही म्हणून खातेदारांकडून १,७७१ कोटी रुपये दंड गोळा केला होता. त्या वर्षीच्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीतल्या नफ्यापेक्षा ही रक्कम मोठी होती. ज्यांच्या खात्यात पैसे नाहीत, त्यांच्याकडून, पैसे नाहीत म्हणून घेतलेले पैसे. पुढे मार्च २०२० मध्ये त्या बँकेनं हा दंड बंद केला. बंद करता येत होता, बँक काही बुडाली नाही, मग तोवर का घेतला, हा प्रश्न मला अजून सोडवता आलेला नाही.

आमच्या भागातल्या माणसाला कागदाची भीती पिढ्यान्‌पिढ्या आहे. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात बाजाराच्या दिवशी शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या पेढ्यांतले कागद बाहेर काढून जाळले. शाळेत आम्ही याला दख्खनचे दंगे म्हणून दोन मार्कांसाठी पाठ केलं. कारणं लिहा: कापसाचे भाव पडले, सारा वाढला. पण त्यांनी कागदच का जाळले? ज्या कागदावर आपला अंगठा आहे आणि ज्यातला मजकूर आपल्याला वाचता येत नाही, तो कागद घरावर, रानावर, बैलांवर हक्क सांगायला येतो. सरकारनं चौकशी केली, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यातल्या एका तरतुदीनं मी थक्क झाले. दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा आणि तो मोठ्यानं वाचून दाखवल्यावरच शेतकऱ्यानं त्यावर सही-अंगठा करावा. सावकारानं पावती द्यावी, वर्षाचा हिशेब द्यावा, आणि शेतकऱ्यानं मागितलं तर पासबुकात खातं मांडून द्यावं. पासबुक हा शब्दच त्या कायद्यात आहे. परक्या सरकारनं, स्वतःच्या साऱ्याच्या काळजीनं का होईना, दीडशे वर्षांपूर्वी मान्य केलं होतं की न वाचता येणाऱ्या माणसाला त्याचा हिशेब वाचून दाखवणं हे समोरच्याचं काम आहे.

त्या कायद्यानं सावकार गेला नाही. आजोबा त्याच्याच उंबऱ्यावर वाढले. स्वातंत्र्यानंतर १९५१-५२ मध्ये ग्रामीण पतपुरवठ्याची देशभर पाहणी झाली, तेव्हा शेतकऱ्याच्या कर्जात व्यापारी बँकांचा वाटा एक टक्कासुद्धा भरला नव्हता. म्हणून १९ जुलै १९६९ ला चौदा बँका सरकारनं ताब्यात घेतल्या तेव्हा आमच्या आजोबांसारख्यांना ती आपली गोष्ट वाटली. शाखा तालुक्याला आली, मग मोठ्या गावांत आली. आजोबा पहिल्यांदा बँकेत गेले तेव्हा फेटा बांधून गेले होते असं आई सांगते. विहिरीवरच्या इंजिनाचं कर्ज मिळालं. वेळेवर फेडलं. ज्या साहेबानं ते दिलं त्याला पुढं कितीतरी वर्षं दिवाळीला घरचे लाडू जायचे.

आणि अंगठ्याची आणखी एक गोष्ट आमच्याच माण तालुक्यातली, म्हसवडची. चेतना गाला सिन्हा यांनी तिथल्या बायकांना बरोबर घेऊन महिलांची सहकारी बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक बायकांपैकी बऱ्याच जणींचे अंगठे होते, सह्या नव्हत्या. बायका रात्री अभ्यासाला बसल्या. पुन्हा अर्ज घेऊन गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला लिहिता-वाचता येत नाही, पण हिशेब येतो; कितीही मुद्दल सांगा, आम्ही तोंडी व्याज काढून दाखवतो, तुमच्या साहेबांनाही यंत्राशिवाय काढायला सांगा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. ही गोष्ट आमच्याकडे लहान पोरींनाही माहीत असते. मला त्यातलं एकच वाक्य सारखं आठवतं: वाचता येत नाही, पण हिशेब येतो. बँकेच्या दारात बसून हजार रुपयांत वह्या आणि बी बसवणाऱ्या त्या बाईंना हिशेब येत होता. फक्त बँकेनं त्यांच्याशी तो केला नव्हता.

आता अंगठा पुन्हा आला आहे. वस्तीवरच्या बँक मित्राच्या छोट्या यंत्रावर बोट ठेवलं की पैसे मिळतात. सोयीचं आहे, तालुक्याचं एसटीचं भाडं वाचतं. पण खुरपणी, माती, विटा, भांडी घासून ज्यांच्या बोटांच्या रेघाच झिजल्या आहेत त्यांचं बोट यंत्र ओळखत नाही. एकदा पुसून, एकदा ओलं करून, एकदा डोक्याच्या तेलाला लावून पुन्हा. आणि ज्याचं बोट लागतं, त्यालाही आपण नेमकं कशावर बोट ठेवलं हे कळतंच असं नाही.

रात्री आईला त्या बाईंबद्दल विचारलं. आईला माहीत होत्या. पलीकडच्या वस्तीवरच्या. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, मुलगी कॉलेजात, मुलगा आठवीत. मी अंथरुणावर पडून त्या विम्याचा विचार करत राहिले आणि माझ्या मनातली चीड जरा गुंतागुंतीची झाली. कारण विमा वाईट नव्हता. वर्षाला चारशे छत्तीस रुपयांत दोन लाखांचं संरक्षण कुठलीही खासगी कंपनी इतक्या सहज देणार नाही. एकट्या बाईच्या अंगावर दोन पोरं असताना तो हवाच. त्यांना आधी कुणी विचारलं असतं, तर कदाचित त्यांनी तो आनंदानं घेतला असता. पण ज्या विम्याबद्दल घरात कुणालाच माहीत नाही, तो विमा कुणाच्या कामाचा? माणूस गेल्यावर दावा करायला कुणीतरी जायला लागतं. फॉर्म भरायला लागतो, मृत्यूचा दाखला जोडायला लागतो. पैसे आपोआप कापले जातात, पण आपोआप परत येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी वस्तीवर गेले. अंगणात शेळी, पत्र्यावर वाळत घातलेल्या सांडग्यांचा वास. आम्ही दोघी एकमेकींना ताईच म्हणत राहिलो, कोण मोठं ते दोघींनाही ठरवता आलं नाही. मी विमा म्हणजे काय, किती, कधी मिळतो ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मुलीनं मधेच विचारलं, “पण आईनं सही केली नसंल तर?” मला तिच्या प्रश्नाचा आनंद झाला.

आम्ही तिघी बँकेत गेलो. तिथला अधिकारी तरुण होता, दुसऱ्या राज्यातला, मोडकं पण मनापासून मराठी बोलत होता. त्यानं खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. त्याच्यावर ओरडायचं मी ठरवून गेले होते, ते राहूनच गेलं. तीन वर्षांपासून हप्ता कापला जात होता. संमतीचा कागद शाखेत सापडेना. वरून टार्गेट येतं, रोज संध्याकाळी ग्रुपवर प्रत्येक शाखेचे आकडे टाकावे लागतात, हे त्यानंच आवाज खाली करून सांगितलं. “मेसेज गेला असेल ना मॅडम,” तो म्हणाला. मेसेज कुठल्या नंबरवर गेला ते पाहिलं. नंबर ताईंच्या नवऱ्याचा होता. फोन केव्हाच बंद झालेला. मग मुलीनं विचारलं, पैसे मिळणार कुणाला? त्यानं पुढची खिडकी उघडली आणि क्षणभर काही बोललाच नाही. वारस म्हणूनही नवऱ्याचंच नाव होतं.

रिझर्व्ह बँकेनं जून २०१७ मध्ये बँकांना लेखी बजावलं आहे की पासबुकात न उलगडणाऱ्या नोंदी करू नका. पैसे कशाचे कापले ते थोडक्यात पण समजेल असं लिहा. छापील कागद मराठीतही असावा असा नियम त्याच्याही आधीपासून आहे. नियम नाहीत असं नाही. मला वाटतं, नुसता नियम पुरत नाही. तो मोडला तर कापलेला पैसा मागायला न लावता परत खात्यात पडला पाहिजे. संमतीचा कागद दाखवता येत नसेल तर हप्ता परत, तोही बँकेच्या खिशातून. आज उलटं आहे. आधी बँकेकडे तक्रार, तीस दिवस वाट, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज. तो अर्ज फुकट आहे, घरबसल्या करता येतो, आणि मी शिकलेल्या प्रत्येकाला सांगते की करा. पण चारशे छत्तीस रुपयांसाठी दोन दिवसांची मजुरी कोण बुडवणार? न्याय मागायचा खर्च अन्यायापेक्षा मोठा असेल तर माणूस गप्प बसतो, आणि त्याच्या गप्प बसण्याला बँकेच्या नोंदीत संमती म्हणतात.

आम्ही अर्ज दिला. पोच म्हणून शिक्का मारून घेतला. त्याआधी ताईंना मी विचारलं, विमा बंद करायचा का? त्यांनी मुलीकडे पाहिलं. “ऱ्हाऊ द्या. पर नाव पोरीचं लावा. आन्‌ कुटं लिवलंय ते तिला दावा.” अधिकाऱ्यानं फॉर्म काढला आणि एकेक रकाना मोठ्यानं वाचत भरला. मुलीनं पासबुक मांडीवर घेऊन त्या आद्याक्षरांच्या ओळीपुढे समासात पेन्सिलीनं लिहिलं: आईचा विमा.

बाहेर आल्यावर ताई पायरीवर थांबल्या. आभाळ भरून आलं होतं, मातीचा वास सुटला होता. मला वाटलं पावसामुळं थांबल्या.

“ताई, मग ह्यांच्या खात्यातनं बी कापत हुते का?”

मला हे सुचलंच नव्हतं. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. आम्ही परत वस्तीवर गेलो. ताईंनी ट्रंक उघडली. नवऱ्याचं पासबुक त्यांच्या आधार कार्डासह प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, रबर लावून ठेवलेलं होतं. रबर तुटलं. मुलीनं पानं उलटली. शेवटची नोंद २०२१ ची, फेब्रुवारीतली. त्यापुढची पानं कोरी होती. कुणी छापूनच आणली नव्हती.

पाऊस पत्र्यावर वाजायला लागला. शनिवार होता, महिन्यातला पहिला, पुढच्या दिवशी रविवार. ताईंनी पासबुक माझ्या हातातून घेतलं, पदरानं पुसलं आणि विचारलं, “सोमवारी ते मशीन चालू आसंल न्हवं?”